यीस्टपासून डिझेल : कचरा, साखर आणि हिशेब



इंधन आणि रसद या विषयावरच्या आपल्या मालिकेत आज जो विषय घेतोय, त्याबद्दल मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. भाताचा पेंढा, पनीरच्या कारखान्यातलं पाणी, बायोडिझेलच्या कारखान्यात उरणारं ग्लिसरीन, अशा टाकाऊ वस्तूंवर यीस्ट वाढवायचं, त्या यीस्टमधून तेल काढायचं आणि तेलाचं बायोडिझेल करायचं. असं खरंच होतं का? होतं. त्यामागचं विज्ञान पक्कं आहे आणि जुनंही आहे. मग पेट्रोल पंपावर ते का मिळत नाही? त्याचं उत्तर पाच-सहा साध्या आकड्यांत आहे. आज ते आकडे आपण एकेक करून पाहू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

जे पहिल्यांदाच ऐकत आहेत त्यांच्यासाठी : मी रसायनशास्त्राचा पदवीधर. नोकरी सगळी सेनेत, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये झाली. शिधा, पेट्रोल, डिझेल, रॉकेल जवानांपर्यंत पोचवणं हे आमचं काम. आता निवृत्तीनंतर देहरादूनला राहतो. मी शास्त्रज्ञ नाही. पण इंधन तयार होण्याचा खर्च वेगळा आणि ते हव्या त्या जागी, हव्या त्या वेळी हजर करण्याचा खर्च वेगळा, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. आजच्या विषयात ते कामाला येईल.

यीस्ट लठ्ठ का होतं?

यीस्ट आपल्याला माहीत असतं ते पावाचं. पांढरट भुकटी, कोमट पाण्यात साखर घालून टाकली की फसफसते. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. द्राक्षाच्या सालीवर, ताडीत, मातीत, पानांवर, सगळीकडे तिच्या जाती सापडतात. पावाच्या आणि दारूच्या यीस्टमध्ये चरबी थोडीच असते. पण काही मोजक्या जाती अशा आहेत की त्या आपल्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त तेल पोटात साठवतात. त्यांना तेलधारी यीस्ट म्हणूया. योग्य परिस्थिती दिली तर काही जाती ५० ते ७० टक्क्यांपर्यंतही जातात. यारोविया लिपोलिटिका, ऱ्होडोटोरुला टोरुलॉइडिस आणि लिपोमायसिस स्टार्कीआय ही त्यांतली नावाजलेली नावं. ऱ्होडोटोरुला तर दिसायलाही लालसर-गुलाबी असते, कारण तिच्यात गाजरात असतात तशी रंगद्रव्यं असतात.

ही जात लठ्ठ कधी होते? रसद खात्यातलंच उदाहरण देतो. समजा एका डेपोत रोज शिधा येतो आहे, पण पुढे नवीन तुकड्या उभ्या राहायच्या बंद झाल्या आहेत. शिधा परत पाठवता येत नाही. मग डेपो काय करतो? गोदामात साठवतो. यीस्टचंही तसंच आहे. नवीन पेशी बांधायची तर प्रथिनं लागतात आणि प्रथिनांसाठी नायट्रोजन लागतो. आपण टाकीत साखर भरपूर ठेवली आणि नायट्रोजन संपू दिला, की पेशींची संख्या वाढायची थांबते. साखर मात्र आत येतच राहते. मग यीस्ट त्या साखरेचं तेल करून थेंबांच्या रूपात साठवतं.

आतल्या आत घडतं ते असं. नायट्रोजन संपला की पेशीतल्या ऊर्जाचक्राची एक पायरी मंदावते. त्यामुळे सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातलं आम्ल, साचू लागतं आणि बाहेरच्या भागात येतं. तिथे एक विकर त्याचे तुकडे करतं. हे विकर तेलधारी जातींमध्ये जोरात काम करतं, पावाच्या यीस्टमध्ये ते नसतं. त्या तुकड्यांपासून चरबीच्या लांब साखळ्या तयार होतात. हे तेल घटकांच्या दृष्टीने पाम तेलाच्या बरंच जवळ असतं.

तेलापासून डिझेल

हे तेल जसंच्या तसं आजच्या इंजिनात घालत नाहीत. ते घट्ट असतं, नोझलमध्ये नीट फवारलं जात नाही आणि काजळी धरतं. म्हणून त्याच्यावर मिथेनॉल आणि थोडासा अल्कली वापरून प्रक्रिया करतात. साधारण १०० किलो तेल आणि ११ किलो मिथेनॉल घेतलं की १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळतं. मोहरी, करडई, पाम, तळणाचं उरलेलं तेल, काहीही घ्या, हे गणित जवळपास तेच राहतं.

वनस्पती तेलावर इंजिन चालवणं नवीन नाही. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून इंधन करायचं बेल्जियन पेटंट १९३७ सालचं आहे. यीस्टच्या चरबीचा इतिहास तर युद्धाशी जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात दोस्तांच्या नाकेबंदीमुळे जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, तेव्हा पाउल लिंडनर या शास्त्रज्ञाने चरबी साठवणाऱ्या यीस्टवर काम केलं. त्याच युद्धात जर्मनांनी साखरेवर यीस्ट वाढवून ग्लिसरीन काढलं, कारण स्फोटकांना ग्लिसरीन लागत होतं. ते ग्लिसरीन कारखान्यात मोठ्या प्रमाणावर निघालं. चरबीचा प्रयत्न मात्र तितका मोठा झाला नाही. युद्ध संपलं, तेलबिया आणि चरबी पुन्हा बाजारात आल्या, आणि यीस्टची महागडी चरबी मागे पडली. पुढे दुसऱ्या महायुद्धातही हा विषय जर्मनीत वर आला आणि पुन्हा मागे गेला. तंगीच्या काळात जो खर्च चालतो, तो बाजार खुला असताना चालत नाही.

पाचास एक

आता पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा. एक किलो साखरेपासून जास्तीत जास्त किती तेल निघेल? रसायनशास्त्राच्या नियमांनी ठरलेली कमाल मर्यादा सुमारे ३२० ग्रॅम आहे. यीस्टला जगायचंही असतं, पेशी बांधायच्या असतात, म्हणून प्रत्यक्षात चांगल्या प्रयोगात २०० ते २२० ग्रॅम मिळतं. म्हणजे साधारण पाच किलो साखरेला एक किलो तेल. हा आकडा कोणी कितीही हुशार यंत्र आणलं तरी फार बदलत नाही. साखर किलोला २० रुपये पडली तर तेलाच्या किलोमागे १०० रुपये नुसत्या साखरेचे झाले. कारखाना, वीज, माणसं, सगळं अजून बाकीच आहे. म्हणून बाजारातली साखर घेऊन हा धंदा होत नाही. जवळपास फुकट मिळणारी साखर हवी, आणि म्हणून सगळे कचऱ्याकडे वळतात.

कचऱ्यात साखर असते का? असते, पण बहुतेक वेळा कुलूपबंद. भाताच्या पेंढ्याचं साधारण ५५ ते ६० टक्के वजन सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज, म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या साखरेच्या साखळ्यांचं असतं. त्या सोडवायला आधी आम्ल, वाफ किंवा अल्कली लावून पेंढा मऊ करावा लागतो, मग विकरं घालून साखर सुटी करावी लागते. या प्रक्रियेत फरफुराल आणि ॲसिटिक आम्लासारखी द्रव्यंही तयार होतात आणि ती यीस्टला बाधतात.

तेलधारी यीस्टची खरी जमेची बाजू इथे आहे. पेंढ्यात दोन तऱ्हेच्या साखरा असतात : ग्लुकोज आणि झायलोज. पावाच्या साध्या यीस्टला झायलोज पचत नाही, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने इथेनॉल करताना ती वाया जाते किंवा खास बदललेलं यीस्ट वापरावं लागतं. तेलधारी जातींपैकी अनेक झायलोज खातात आणि काही तर ॲसिटिक आम्लही खातात. आमच्या देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत उसाच्या चिपाडातल्या या पाच-कार्बनी साखरेवर ऱ्होडोटोरुला वाढवण्याचं काम झालं आहे.

आता पेंढ्याचा हिशेब करू. एक टन कोरड्या पेंढ्यातून प्रत्यक्षात ४०० किलो साखर हाती लागली असं धरा. पाचास एक या दराने तेल ८० किलो, म्हणजे सुमारे ९० लिटर बायोडिझेल. इथेनॉलशी तुलना करून पाहा. इंडियन ऑइलचा पानिपतचा पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना १० ऑगस्ट २०२२ ला राष्ट्राला अर्पण झाला. ९०० कोटींहून जास्त खर्च, वर्षाला २ लाख टन पेंढा आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आराखडा आहे. म्हणजे टनाला १५० लिटर. ऐकायला १५० हा ९० पेक्षा मोठा आहे, पण एक लिटर बायोडिझेलमध्ये उष्णता सुमारे ३३ मेगाज्यूल असते आणि इथेनॉलमध्ये २१. गुणाकार केला तर दोन्हीकडे ३,००० च्या आसपास येतं. ऊर्जा जवळपास सारखीच. फरक इतकाच की इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतं आणि हे तेल डिझेलमध्ये. आपल्या देशात ट्रक, बस, ट्रॅक्टर मुख्यतः डिझेलवर, म्हणून या तेलाला अर्थ आहे. पण त्यातून जास्त ऊर्जा निघते असं कोणी सांगत असेल तर तसं नाही.

हवा, पाणी आणि वाहतूक

दुसरा खर्च हवेचा. दारूचं यीस्ट हवेशिवाय काम करतं, टाकी झाकून ठेवली की झालं. तेलधारी यीस्टला मात्र ऑक्सिजन सतत लागतो. मोठ्या टाकीत रात्रंदिवस कॉम्प्रेसरने हवा सोडायची, पंख्याने ढवळायचं, आणि यीस्ट श्वास घेताना जी उष्णता तयार होते ती थंड पाण्याने काढून घ्यायची. विजेचं बिल इथे वाढतं. शिवाय टाकीत भलताच जंतू शिरला तर सगळी साखर तोच खातो, म्हणून स्वच्छता दवाखान्यासारखी लागते.

तिसरा खर्च पाण्याचा. एका लिटर द्रावणात ५० ग्रॅम कोरडं यीस्ट तयार झालं तर काम चांगलं झालं म्हणायचं. त्यात निम्मं तेल धरलं तर लिटरला २५ ग्रॅम. म्हणजे एक टन तेलासाठी ४० हजार लिटर पाणी हाताळायचं, त्यातून यीस्ट सेंट्रीफ्यूजने वेगळं करायचं, पेशींची जाड भिंत फोडायची आणि मग तेल काढायचं. सरकीसारखं घाण्यात घातलं आणि तेल गळलं, असं इथे होत नाही.

चौथा खर्च माझ्या ओळखीचा. भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. पंजाब-हरियाणात कंबाईनने भात कापला की गहू पेरायला शेतकऱ्याच्या हातात तीन आठवडे मिळतात, कधी तेवढेही नाही. म्हणून तो काडी लावतो आणि दिल्लीपर्यंत धूर जातो. या तीन आठवड्यांत पेंढा गोळा करायचा, बेलरने गाठी बांधायच्या आणि कारखाना बारा महिने चालेल इतका साठा करून ठेवायचा. पेंढा हलका असतो. ट्रक आकाराने गच्च भरतो, पण वजनाच्या मानाने अर्धा रिकामाच जातो, आणि भाडं पूर्ण द्यावं लागतं. साठवलेल्या गाठींना पावसाची भीती आणि आगीची त्याहून जास्त. सैन्यात असल्या साठ्याला वेगळी जागा, वेगळा पहारा आणि पाण्याची टाकी लागते. कारखान्यालाही तेच लागतं आणि त्याचे पैसे लागतात.

या सगळ्याची बेरीज किती होते? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आणि या क्षेत्रात नेहमी उल्लेख होणाऱ्या एका अभ्यासात वर्षाला १० हजार टन यीस्टतेल काढणाऱ्या कारखान्याचा खर्च मांडला होता. साखर फुकट मिळते असं धरूनही तेलाचा खर्च किलोला सुमारे ३.४ डॉलर आला. त्या वर्षी पाम तेल किलोला एक डॉलरच्या आत मिळत होतं. तंत्रज्ञान तेव्हापासून पुढे गेलं आहे, पण कच्चा माल फुकट असला तरी तेल स्वस्त होत नाही, ही गोष्ट त्या आकड्यात नीट दिसते. फिनलंडच्या नेस्ते कंपनीने २०१२ मध्ये पेंढ्यासारख्या कचऱ्यापासून सूक्ष्मजीवांचं तेल काढायचा प्रायोगिक कारखाना सुरू केला होता. आज त्या कंपनीचं नवीकरणीय डिझेल मुख्यतः तळणाचं वापरलेलं तेल आणि प्राण्यांची चरबी यांच्यापासून होतं.

मोगली एरंडाचा धडा

आपल्याकडे हे सगळं ऐकताना मोगली एरंड आठवल्याशिवाय राहत नाही. उत्तरेत त्याला रतनजोत म्हणतात, इंग्रजीत जट्रोफा. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने त्याची शिफारस केली. पडीक जमिनीवर लावा, पाणी नको, खत नको, बियांपासून डिझेल मिळेल, असा प्रचार झाला. २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात पडीक जमिनीवर झाड जगलं, पण बिया फारच कमी आल्या. बिया हव्या असतील तर पाणीही हवं आणि खतही, आणि ते देता येत असेल तर शेतकरी त्या जमिनीवर दुसरं पीक घेईल. बी विषारी, त्यामुळे पेंड गुरांनाही घालता येत नाही. छत्तीसगडपासून राजस्थानपर्यंत लोकांनी तीन-चार वर्षं वाट पाहिली आणि शेवटी झाडं उपटली.

त्या तेलाचं विज्ञान खोटं नव्हतं. २७ ऑगस्ट २०१८ ला देहरादूनहून दिल्लीला जे प्रवासी विमान गेलं, त्याच्या इंधनात मोगली एरंडाच्या तेलापासून इथल्याच संस्थेने केलेलं जैवइंधन होतं. २०१९ च्या प्रजासत्ताक दिनाला वायुसेनेचं एएन-३२ विमान १० टक्के जैवइंधनाच्या मिश्रणावर राजपथावरून उडालं. आम्हा माजी सैनिकांना त्याचा अभिमान वाटला, आणि तो योग्यच होता. पण एक विमान उडवणं आणि देशाच्या ट्रकांना रोज इंधन देणं या दोन वेगळ्या कामगिऱ्या आहेत.

यीस्ट या बाबतीत मोगली एरंडापेक्षा बरं आहे, हे मान्य करायला हवं. त्याला जमीन लागत नाही, पाऊस लागत नाही, आणि पीक चार-पाच दिवसांत हाती येतं. पण प्रमाण पाहा. २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं उद्दिष्ट आहे. देशात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल खपतं. त्याचे ५ टक्के म्हणजे ४५ लाख टन. हे सगळं पेंढ्यावरच्या यीस्टमधून काढायचं ठरवलं तर टनाला ८० किलोच्या हिशेबाने साडेपाच कोटी टनांहून जास्त पेंढा लागेल. पंजाबात भाताचा पेंढा वर्षाला साधारण २ कोटी टन होतो. म्हणजे पंजाबचा सगळा पेंढा, एक काडी न जाळता, अडीच-तीन वेळा.

सुभेदार साहेबांचा प्रश्न

हे आकडे मी एवढे उगाळतो आहे त्याला कारण आहे. माझ्या जुन्या युनिटमधले एक सुभेदार साहेब करनालजवळच्या गावात राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला. एका कंपनीचा माणूस गावात आला होता. शेड बांधा, आमच्याकडून दोन टाक्या घ्या, पेंढा तुमचाच, यीस्ट आम्ही देऊ, तेल आम्हीच विकत घेऊ, असं सांगत होता. रक्कम लाखांत होती. सुभेदार साहेबांकडे निवृत्तीचे पैसे होते आणि नातवाचं शिक्षण पुढे होतं. त्यांनी मला विचारलं, "साहेब, ये यीस्ट वाला तेल सच्ची बात है?"

मी म्हटलं, तेल खरं आहे, पण पैसे देण्याआधी त्या माणसाला पाच गोष्टी लेखी विचारा. तेच पाच प्रश्न तुम्हालाही देतो.

पहिला : एक किलो तेलाला किती किलो साखर लागते? उत्तर चारपेक्षा कमी असेल तर हिशेब पुन्हा मागा. तीनपेक्षा कमी असेल तर उठून निघा, कारण ते रसायनशास्त्रात बसत नाही.

दुसरा : पेंढ्यातून साखर कोण काढणार, कशाने, आणि विकरांचा खर्च कोणाचा? नुसत्या टाकीत पेंढा आणि यीस्ट टाकून तेल निघत नाही.

तिसरा : हवेचा कॉम्प्रेसर किती अश्वशक्तीचा, दिवसाला किती तास चालणार, आणि वीज गेली तर काय?

चौथा : यीस्टमधून तेल कुठे काढणार? शेडमध्ये की कारखान्यात? कारखान्यात असेल तर ओलं यीस्ट तिथपर्यंत नेण्याचं भाडं कोणाचं?

पाचवा : विकत घेण्याचा करार किती वर्षांचा, भाव कशाशी बांधलेला, आणि घेतलं नाही तर दंड किती? तोंडी आश्वासन धरायचं नाही.

कंपनीच्या माणसाने पहिल्या प्रश्नाला "तंत्रज्ञान गुप्त आहे" असं उत्तर दिलं आणि बाकीच्यांना दिलंच नाही. सुभेदार साहेबांनी पैसे दिले नाहीत. गावातल्या दोघांनी दिले. त्यांच्याकडे आज पत्र्याची शेड आणि दोन रिकाम्या टाक्या आहेत, आणि कंपनीचा फोन लागत नाही. या विषयावर बोलायचं मी तेव्हाच ठरवलं. आपले मराठी श्रोते इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली, कुठे कुठे आहेत. जवान निवृत्त होऊन गावी येतो तेव्हा त्याच्याकडे एकरकमी पैसे असतात, आणि देशासाठी काहीतरी नवीन करा म्हटलं की तो लगेच तयार होतो. म्हणून हा हिशेब त्याच्यापर्यंत पोचायला हवा.

मग याचा उपयोग कुठे?

उपयोग आहे, आणि तो तीन ठिकाणी दिसतो.

एक, जिथे कचरा कारखान्याच्या आतच तयार होतो आणि त्याची विल्हेवाट लावायला आज पैसे मोजावे लागतात. पनीर किंवा चीज करताना उरणारं पाणी घ्या. त्यात दुधाची साखर असते, हजार लिटरला साधारण ४५ किलो. म्हणजे तेल नऊ किलो. हे फार नाही. पण तेच पाणी ओढ्यात सोडलं तर गावच्या सांडपाण्यापेक्षा शंभरपट जास्त प्रदूषण करतं, आणि ते शुद्ध करायला डेअरीला खर्च येतो. यीस्टने त्यातली साखर खाल्ली तर तो खर्च कमी होतो आणि तेल वर मिळतं. इथे वाहतूक नाही, गाठी नाहीत, हंगाम नाही. पाण्यातल्या दुधाच्या साखरेवर वाढणारी तेलधारी जात अमेरिकेत १९७० च्या दशकातच अभ्यासली गेली होती.

बायोडिझेल कारखान्यातल्या ग्लिसरीनचंही असंच. फक्त तिथे जास्त अपेक्षा ठेवू नका. १०० किलो बायोडिझेलमागे १० किलो ग्लिसरीन, आणि त्यावर वाढलेल्या यीस्टमधून पुन्हा दोन किलो तेल. कारखान्याला दोन टक्क्यांची भर पडते आणि कचऱ्याचा प्रश्न सुटतो, एवढंच.

दोन, जिथे तेलाला डिझेलपेक्षा जास्त भाव आहे. अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने यारोविया यीस्टमध्ये बदल करून माशांच्या तेलातलं ओमेगा-३ तयार केलं, कारण त्याला भाव आहे. न्यूयॉर्कची सी१६ बायोसायन्सेस पाम तेलाऐवजी यीस्टचं तेल सौंदर्यप्रसाधनांसाठी विकते. ऱ्होडोटोरुलाचा रंगही वेगळा विकता येतो, आणि तेल काढल्यावर उरलेल्या पेशींत प्रथिनं असतात, ती पशुखाद्यात जाऊ शकतात. कारखाने आधी अशा महाग मालावर उभे राहतील, तंत्र स्वस्त होत जाईल, आणि मग कधीतरी इंधनाची पाळी येईल. हाच क्रम मला शक्य वाटतो.

तीन, तेलाचा प्रश्न. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो आणि त्यात मोठा वाटा पामचा असतो. साबण, मेणबत्ती, वंगण, डिटर्जंट यांनाही पामसारखंच तेल लागतं. यीस्टचं तेल तिथे गेलं तर तितकं पाम तेल खाण्यासाठी मोकळं होईल. ते इंजिनात जाळण्यापेक्षा हा उपयोग मला शहाणपणाचा वाटतो.

जाता जाता सेनेबद्दलही सांगतो, कारण हे नेहमी विचारलं जातं. हे इंधन सियाचीन-लडाखला चालेल का? सध्या नाही. खोबरेल तेल थंडीत बाटलीत गोठतं ते तुम्ही पाहिलं आहे. पामसारख्या तेलाचं बायोडिझेलही थंडीत साकळतं आणि फिल्टर बंद पडतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं, ते याच कारणासाठी. यीस्टचं डिझेल वापरायचं तर आधी मैदानात, गरम हवेत, आणि डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळून.

तर मंडळी, प्रयोगशाळांनी हे काम चालू ठेवावं, सरकारने त्याला पैसे द्यावेत, आणि ज्यांची मुलं-मुली जैवतंत्रज्ञान शिकत आहेत त्यांनी जरूर या विषयात यावं. पाचास एक हे प्रमाण फार बदलणार नाही, पण हवेचा खर्च, पेशी फोडण्याचा खर्च आणि पेंढ्याचं कुलूप उघडण्याचा खर्च, या तिन्हीत काम करायला भरपूर वाव आहे. आपल्या खिशातले पैसे मात्र पाच प्रश्नांची लेखी उत्तरं हातात आल्याशिवाय कोणालाही देऊ नका. उत्तरं आली आणि ती समजली नाहीत, तर जवळच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. त्यांना तो कागद वाचायला अर्धा तास पुरेल.

पुढच्या भागात तळणाच्या वापरलेल्या तेलापासून होणाऱ्या बायोडिझेलबद्दल बोलू. त्याचा हिशेब याहून सोपा आहे आणि आज जमण्यासारखा आहे. तोपर्यंत नमस्कार. जय हिंद.